रेषा आडवी झाली तर...
(पुण्यातील मंडळीच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या देणग्यांतून ज्या ठाकर-कातकरी वाड्यांवर काम चालते, तिथली एक गोष्ट सांगते. एका आईला मी विचारले, "ताई, बाळाचं कार्ड आहे का?" तिने पत्र्याच्या पेटीतून, पिशवीत जपून ठेवलेले कार्ड काढले. दहा महिन्यांच्या मुलाच्या वजनाचे ठिपके नीट मांडलेले होते. "यात काय दिसतं?" म्हणताच ती हसली. "ते अंगणवाडीतल्या बाईंना कळतं. मला फक्त सुईची तारीख म्हाईत."

शेवटचे तीन ठिपके आडव्या रेषेत होते. बाळ हिरव्या पट्ट्यातच होते, म्हणून कुणाला काळजी वाटली नव्हती. पण त्याचे वजन वाढणे थांबले होते.

हा तक्ता मुळात आईसाठीच आहे. डॉ. डेव्हिड मॉर्ली यांनी नायजेरियात इलेशा येथील मिशन रुग्णालयात काम करताना तो प्रचारात आणला. कार्ड आईच्या घरीच राहावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या जामखेडलाही डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्या निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अक्षर येत नाही म्हणून समज नसते, असे नाही.

मी त्या आईला विचारले, "नाचणीचं रोप हिरवं आहे, पण तीन आठवडे वाढलंच नाही, तर?" ती लगेच म्हणाली, "मुळाशी बघावं लागंल." मग तिचेच बोट रेषेवर फिरवले. वर चढली तर बाळ वाढते आहे. आडवी झाली तर मुळाशी बघायचे. खाली उतरली तर थेट दवाखाना. तेव्हा तिनेच सांगितले, की खोकला-तापानंतर बाळ नुसत्या पातळ पेजेवर होते. अंगावरचे दूध चालू ठेवून घट्ट वरण-भात, वर चमचाभर तेल, दिवसातून तीन-चार वेळा, असे ठरले.

पुढच्या महिन्यात ठिपका वर गेला होता. तो तिने मला दाखवला; मी विचारण्याआधीच.

म्हणून विनंती आहे: वाडीवर भेटीला गेलात, तर "वजन केलं का?" एवढ्यावर थांबू नका. आईशेजारी बसा आणि विचारा, "ही रेषा काय सांगते?" वजनकाटा देणगीतून येतो. हा वेळ मात्र आपण स्वतःच द्यायचा आहे. तो देण्याची इच्छा प्रभू आपल्याला देवो.