विनोद आणि माणसांची मोट



आपल्या छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे (निधन २००९) यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. मराठवाड्यातील खेड्याचे वऱ्हाड मानपान व रुसवेफुगवे बरोबर घेऊन विमानाने विलायतेस निघते. ज्यांची नक्कल व्हावयाची, तशीच माणसे समोर बसून पोट धरून हसत. कारण तीत कुचेष्टा नव्हती, जिव्हाळा होता.

त्या बावन्नांपैकी एकही रुसून तालमीस गैरहजर राहत नसे! ज्ञातिसंमेलनांच्या नाटकमंडळींस हे भाग्य कोठले? भूमिका लहान म्हणून एक रुसतो, पडदा ओढणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही म्हणून दुसरा जातो, आणि उभे राहत आलेले नाटक बसते.

म्हणून व्यवस्थापकांस आमचे सांगणे एवढेच : थट्टा करावी ती प्रथम स्वतःची, चूक दाखवावी ती एकांती आणि श्रेय द्यावे ते चारचौघांत. रंगभूमीवर जो जिव्हाळा विनोदास तारतो, तोच पडद्यामागे मंडळीसही तारतो. पुढील संमेलनाच्या नाटकाची पात्रयोजना करणाऱ्या तरुणांनी हे ध्यानी धरावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.