प्रकाशाच्या धक्क्याने धावणारे आयन

अणूतून एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला म्हणजे जो विद्युद्भारित अणू उरतो, त्यास आयन म्हणतात. हायड्रोजनचा असा आयन म्हणजे प्रोटॉन. वेगवान प्रोटॉन शरीरात ठराविक खोलीपर्यंत जातो आणि आपल्या शक्तीचा मोठा वाटा थांबण्याच्या जागीच टाकतो. म्हणूनच कर्करोगाच्या गाठीवर मारा करताना तिच्यापलीकडील निरोगी भाग वाचविता येतो. परंतु हा वेग देणारी यंत्रे अवाढव्य व महाग असल्याने उपचार थोड्यांच्याच वाट्यास येतो. तेच काम लेसरच्या क्षणिक झोताने साधेल काय?

प्रखर झोत आपल्या वर्धकालाच इजा करी. १९८५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे डोना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी यावर युक्ती काढली: प्रकाशाचा स्पंद आधी ताणून लांबवावयाचा, मग वाढवावयाचा आणि शेवटी पुन्हा आखडावयाचा. २०१८ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

असा स्पंद सेकंदाच्या लक्ष-कोटी भागांपैकी एका भागाहूनही अल्प काळ टिकतो. तो धातूच्या वर्खावर पडला की जड प्रोटॉन जागीच राहतात. हलके इलेक्ट्रॉन मात्र वर्ख भेदून पाठीमागे निसटतात. त्यामुळे तेथे दर मीटरला सुमारे एक लक्ष कोटी व्होल्टचे विद्युत्क्षेत्र उभे राहते. वर्खाच्या पाठीवर पाण्याचा व तेलकट मळाचा सूक्ष्म थर असतोच. त्यातील हायड्रोजनचे प्रोटॉन घोड्यांमागे गाडी धावावी तसे इलेक्ट्रॉनांमागे धावू लागतात. ज्या मळाला प्रयोगशाळेत आपण शत्रू मानतो, तोच येथे कामास येतो!

२००० साली अमेरिकेतील लिव्हरमोर येथे या रीतीने ५ कोटी ८० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे प्रोटॉन मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. २०२४ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी १५ कोटींचा पल्ला गाठला. खोलवरच्या गाठींसाठी २० कोटींहून अधिक शक्ती लागते. म्हणजे अंतर उरले आहे, पण ते आता आवाक्याबाहेरचे नाही.

खरी अडचण निराळी आहे. हे प्रोटॉन एकसारख्या शक्तीचे नसतात. शक्ती बदलली की खोली बदलते. शिवाय प्रत्येक स्पंदागणिक तितकीच मात्रा मिळेल, याची खात्री वैद्याला हवी. २०२२ साली ड्रेस्डेन येथे उंदरांच्या गाठींवर मोजून मापून असा मारा करण्यात आला, हे त्या दिशेने पडलेले पाऊल होय. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही लेसरच्या साह्याने कणांना वेग देण्याचे संशोधन चालते.

वेग कसा द्यावा हे विज्ञानाला उमगले आहे. त्या वेगाला शिस्त लावणे अद्याप बाकी आहे. रुग्णाच्या दृष्टीने मोल आहे ते या शिस्तीचेच.