टॅली न होणारं काम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सोसायटीच्या इतिहासावर बोलायला सांगितलं होतं. पण इतिहास सचिवांनी अहवालात सांगितलाच आहे. म्हणून मी आपल्या घराघरातल्या एका गोष्टीवर बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं पायवा खोदत होतो, तेव्हा आपली पोट्टे समोरच्या मैदानात सायकल शिकत होती. आज त्यातली कितीतरी हिंजवडीला, खराडीला, बंगलोरला कॉम्प्युटरवर काम करतात. याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. परम महासंगणकाचे डॉ. विजय भटकर आपल्याच जुन्या अकोला जिल्ह्यातले, मुरंब्याचे. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. १९९८ ला वाशीम जिल्हा होईपर्यंत आपलं मंगरूळपीरही अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणजे ते आपलेच म्हणायला हरकत नाही.

पण आपली मुलं तिकडं नेमकं काय करतात, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. एसीत बसायचं, बटणं दाबायची, गलेलठ्ठ पगार घ्यायचा, अशी माझी समजूत. ती २०२० साली मोडली. लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी आमचा धाकटा घरी आला आणि कित्येक महिने राहिला. नेटवर्कसाठी गच्चीवर खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. सकाळी मीटिंग, संध्याकाळी अमेरिकेचा दिवस उजाडला की पुन्हा मीटिंग. जेवायच्या ताटाशी फोन, उशाशी फोन. तिशीतच त्याला बीपीची गोळी सुरू झाल्याचं त्याच्या आईला औषधाच्या पाकिटावरून कळलं. त्यानं सांगितलं नव्हतं.

एका रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर हा जागा. म्हटलं, "काय झालं बापू?" म्हणाला, "बाबा, उद्या रिलीज आहे आणि एक बग सापडत नाही."

मी त्याला आमची गोष्ट सांगितली. बँकेत कॉम्प्युटर यायच्या आधी जून आणि डिसेंबरअखेर सहामाही क्लोजिंग असायचं. बचत खात्यांचं व्याज हातानं काढायचं, सगळ्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. फरक एका रुपयाचा असो की लाखाचा, शोधावाच लागायचा. आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे, फरकाला आधी नऊनं भागून पाहा. भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याचा संभव. ८३ चे ३८ झाले की फरक ४५. नाहीतर फरक अर्धा करून ती रक्कम शोधा, नावेची नोंद जमेला पडली असेल. असं करत पहाटे कधीतरी आकडा जुळायचा. मॅनेजर चहा मागवायचे आणि आम्ही घरी येऊन ढाराढूर झोपायचो.

तो हसला. म्हणाला, "बाबा, तुमचं काम टॅली झालं की संपायचं. माझं कधी टॅली होतच नाही. हा बग सापडला की दुसरा. हे रिलीज झालं की पुढचं. काम संपलं असं सांगणारा आकडाच नाही आमच्याकडे."

मंडळी, हे वाक्य मला लागलं. कष्ट आम्हीही केले. पण आमच्या कष्टाला संध्याकाळ होती. लेजर बँकेत राहायचं, मी घरी यायचो. यांचं लेजर खिशात असतं.

२०२३ मध्ये श्री. नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे. पण मी बँकवाला, आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. सहा दिवस धरले तर रोजचे अकरा तास चाळीस मिनिटं. त्यात पुण्याच्या ट्रॅफिकचे दोन तास आणि झोपेचे सात मिळवा. उरतात तीन तास वीस मिनिटं. त्यात अंघोळ, जेवण, बायको, लेकरू, आणि आपल्याला करायचा फोन! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ साली आकडे दिले, की आठवड्याला पंचावन्न किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे पस्तीस टक्क्यांनी जास्त असतो. बीपीच्या गोळीचं पाकीट मला तेव्हा पुन्हा आठवलं.

आता माझी चूक सांगतो. तीच सांगायला उभा राहिलो.

हा मुलगा लहानपणी तबला वाजवायचा. दोन परीक्षाही दिल्या होत्या. बारावीच्या वर्षी मी म्हटलं, "आता हे बंद. तबल्यानं ॲडमिशन मिळत नाही." स्वतःच्या हातानं तबला-डग्गा जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकला. त्यानं हूं की चूं केलं नाही. आणि मी? मी बँक सुटल्यावर रोज अर्धा तास कॅरम खेळल्याशिवाय घरी येत नव्हतो! माझा विरंगुळा मला हक्क वाटला, त्याचा मात्र टाइमपास.

लॉकडाऊनमध्ये त्यानंच तो खाली काढला. पुडी फाटलेली, वाद्या कुजलेल्या. दुकानं उघडल्यावर अकोल्याहून दुरुस्त करून आणला. सुरुवातीला बोटं वळत नव्हती. मग रोज संध्याकाळी फोन आत ठेवून अर्धा तास तीनताल. एक दिवस म्हणाला, "बाबा, इथं दर सोळा मात्रांनी टॅली होतं. समेवर आलं की जुळलं."

बीपीची गोळी सुटली असं मी सांगणार नाही. सुटलेली नाही. काम तेवढंच आहे. पण रात्री झोप लागते, आणि रविवारी फोनवर आम्ही कामाशिवाय दुसरं काहीतरी बोलतो.

कुणी म्हणेल, छंद करत बसलं तर माणूस मागं पडतो. श्री. अच्युत गोडबोले बघा. सोलापूरचा मुलगा, मुंबईच्या आयआयटीत केमिकल इंजिनिअर झाला, सॉफ्टवेअर कंपन्यांत मोठमोठ्या पदांवर गेला. आणि याच माणसानं संगीतावर 'नादवेध' लिहिलं, सुलभा पिशवीकरांसोबत. अर्थशास्त्र, विज्ञान, किती विषयांवर मराठीत लिहिलं! आवड जपून ते मागं पडले नाहीत.

मुलांनो, तुमचं काम स्वतःहून टॅली होणार नाही. दिवसाचा ताळेबंद तुम्हालाच करावा लागेल. तबला असो, क्रिकेट असो, कुंडीतला मोगरा असो, रोज एक अशी गोष्ट करा जिचा हिशोब कुणी मागत नाही.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. मूल घरी आलं की पहिल्याच दिवशी पॅकेज विचारू नये. आणि दहावी-बारावीच्या नावाखाली घरातलं वाद्य, बॅट, रंगपेटी माळ्यावर टाकू नये. अर्ध्या तासानं मार्क जात नाहीत. गेलेच तर परत मिळवता येतात. बोटं मात्र पुन्हा वळायला फार वेळ लागतो.

शेवटी कार्यकारिणीला विनंती. सोसायटीच्या ऑफिसची खोली महिन्यातून एकदा मीटिंगपुरती उघडते. ती रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडी ठेवा. कॅरम बोर्ड मी देतो. सोंगट्या, स्ट्रायकर आणि पावडरसुद्धा. तबला आमच्याकडचा येईल, मुलाला विचारून ठेवलं आहे. किल्ली माझ्याकडे दिली तरी चालेल, मी रिकामाच आहे.