शिशाचा शिपाई

दिवाळीच्या किल्ल्यावर आपली मुले मातीचे मावळे मांडतात, तसे इंग्लंडात नाताळच्या भेटीत मुलांना शिशाचे शिपाई मिळत. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन कारखान्याने ते आतून पोकळ ओतले. शिसे कमी लागले, किंमत उतरली. उंची अवघी ५४ मिलिमीटर!

आज तिकडे मोठी माणसेही छंद म्हणून असे शिपाई रंगवतात. सणात घरी आजारपण असो की भाऊबंदकी, कुंचला हाती घेतला की मन जरा ठिकाणावर येते. पण रंग पातळच द्यावा लागतो, अन् पहिला हात वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही. तेवढ्या वेळात उठावे, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, रुसलेल्याला चहा विचारावा. नाताळ सरला तरी शिपाई कपाटात थांबेल. आजारी माणसाचे तसे नाही.