काळ्या कोटावरचा लाल शिक्का

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी तहसील आणि कोर्टाच्या आसपास प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, करारनामा असे शब्द कानावर पडतातच. त्यावर शिक्का मारणारे नोटरी नेमके होतात कसे?

आधी वकिली. नोटरी कायदा 1952 चा आणि नियम 1956 चे. सर्वसाधारण उमेदवाराला किमान 10 वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना 7 वर्षे पुरतात. ही सवलत तालुक्यातल्या वकील भगिनींनी जरूर लक्षात ठेवावी.

ठरावीक नमुन्यातला अर्ज शासनाकडे जातो. नियमांनुसार त्यावर दंडाधिकारी, बँक व्यवस्थापक, व्यापारी आणि परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्या लागतात. म्हणजे गावातली पत इथे उपयोगी पडते! नेमणूक केंद्र सरकारही करते, राज्य सरकारही. पण जागा मर्यादित असतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचे, पुढे नूतनीकरण. गोल शिक्क्याचा व्यास 5 सेंटिमीटर आणि प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरमध्ये.

एक गैरसमज मात्र फार महागात पडतो. 'नोटरी केली, जमीन झाली,' असे अनेकजण समजतात. तसे नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीच्या विक्रीला 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा श्रोतेहो, इसाराचे पैसे देण्याआधी खरेदीखत नोंदवून मिळेल का, हे विचारून घ्या.