दुखत नसताना करावयाची तपासणी



ज्या विषयाचा उच्चार घरातही हलक्या आवाजात होतो, तो आम्ही आज भरसभेत काढीत आहो. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. विषय आहे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा.

हा रोग एकाएकी उपजत नाही. एका विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला म्हणजे तेथील पेशी हळूहळू पालटतात, आणि कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे लोटतात. एवढी मुदत दुसरा कोणता शत्रू देतो? परंतु त्या काळात काहीच दुखत नाही. पुष्कळांपाशी विमा नसतो. ज्यांपाशी असतो त्यांसही तो बहुधा इस्पितळात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो. मग निरोगी आहो एवढे ऐकण्यासाठी घरखर्चातील पैसा मोडून कोणती गरीब माता जाईल? म्हणूनच ही तपासणी विनामूल्य असावी लागते.

ती फार खर्चाचीही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रयोग आरंभिला. त्यांपैकी अर्ध्यांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी ठरली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या व काही आठवडे शिकविलेल्या बाया होत्या. साधन म्हणजे सिरक्यातले आम्ल. आपल्या घरचे सणाचे सोरपोतेल ज्याने आंबट होते, तेच! ते विरळ करून लाविले की मिनिटभरात बिघडलेली जागा पांढरी दिसते. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. पुढील तपासणीची ती सूचना होय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तपासणीच्या गटात ह्या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने कमी आढळले.

शासकीय आरोग्यकेंद्रांत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी, स्तन व मुखाच्या तपासणीसह, मोफत करण्याचे धोरण २०१६ पासून आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, ३० ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांत गर्भाशयमुखाची तपासणी केव्हातरी झालेल्या दोघीही भरल्या नाहीत. येथे पैशापेक्षा लाजच आड येते, असे आमचे मत आहे. तपासणारी स्त्रीच हवी, असे खुशाल सांगावे. पाळी थांबल्यानंतर रक्त जात असेल तर मात्र शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.

पुरुषमंडळींस एवढेच सांगणे: त्या दिवशी दुपारचे जेवण तुम्ही रांधा.