हात बसला की डोळा मोकळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फोटो काढण्याविषयी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

पुष्कळ जणी म्हणतात, "यंत्रातलं आम्हाला काही कळत नाही, नुसती हौस आहे." जणू यंत्र समजून घेतले तर हौस मरेल! मला उलटे वाटते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला. 1912 साली विलायतेहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले आणि भांडवल मिळविण्यासाठी काय केले म्हणाल, तर कुंडीत वाटाणा पेरला! महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपत राहिले. पडद्यावर तो वेल मिनिटभरात भराभरा वर चढला. सुटे सुटे चित्र घेता येते हे ज्याच्या हाताला ठाऊक, त्यालाच असली कल्पना सुचणार.

पण मला अधिक सांगायचे आहे ते सरस्वतीबाई फाळके यांच्याविषयी. तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडून घ्यावी लागत. ते काम सरस्वतीबाई अंधारात, यंत्राने करीत. फिल्म धुणे, रसायने मिसळणे हेही त्या शिकल्या. हिशेब करून पाहा. फुटाला एका कडेला 64 भोके. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा. म्हणजे एकाच कडेला 2 लाख 36 हजारांवर भोके झाली! शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. भोक केसभर सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरते. त्या चित्रपटात ज्वाळांमध्ये शक्ती दिसतात. एकाच पट्टीवर दोनदा चित्रण करून असले चमत्कार साधता येतात; पण भोके एकसारखी नसतील तर चित्रावर चित्र बसणार कसे? अशा बाईंची "पतीला मदत केली" एवढ्यावर बोळवण होते, हे मला पटत नाही.

आता आपल्या मुखेडच्या रानात या. कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो काढला की कापूस मळका आणि चेहरा काळवंडलेला येतो. का? कॅमेरा, मग तो मोबाइलातला का असेना, समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून उजेड मोजतो. पांढरा कापूस पाहिला की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळेच अंधारवून टाकतो. नांगरलेल्या काळ्या मातीत याच्या उलट. माती राखेसारखी फिकी दिसते. बहुतेक मोबाइलांत पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की शेजारी सूर्याची खूण येते. कापसात बोट वर सरकवावे, काळ्या मातीत खाली. एवढेच!

दहा-वीस वेळा केले की बोट आपोआप जाते. भाकरी थापताना आपण सासूबाईंशी बोलतो, पोराला दटावतो, भाकरी आपली फिरतच असते; तसेच हे. गेल्या वेचणीला एका मावशींचा फोटो घेत होते. उजेडाचे आधीच जमवून ठेवले होते, म्हणून निवांत त्यांच्याकडे पाहत राहता आले. ओटी भरली, कंबर सरळ करायला त्यांनी पाठीवर हात टेकला आणि आभाळाकडे पाहिले. तेवढ्यात मी बटण दाबले. "आगं, हसायचं तर राह्यलंच की!" असे त्या म्हणाल्या. आज तो फोटो त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

मंडळाचे जुने फोटो पाहा. सगळ्या जणी रांगेत, पदर सावरून उभ्या! पापडांच्या दिवसांत सांडग्यांचे ताट उन्हात नेणारी, हिशेबाच्या वहीवर मान मोडून बसलेली, यांचा एकही नाही. फोटोवाला येतो, "हसा" म्हणतो आणि जातो. त्याचे काय चुकले? आपला दिवस आपण टिपायचा.

चिटणीसबाईंची परवानगी घेतली आहे. येत्या शनिवारी दुपारी मंडळाच्या ओट्यावर जमू. मोबाइल आणाच, आणि कोणीतरी एक पांढरे पातळ नि एक काळी घोंगडी घेऊन या.